पोच

कुपवाड एमआयडीसी, प्लॉट एन-सत्तावीस.
इथाइल ॲसिटेट इतकं अंगात मुरलेलं
की घरी शिरले की पोरगी नाक मुरडते,
आई, आज पण नेलपॉलिश काढलंस?

मी डिस्पॅचला. माझ्या आधी या टेबलावर
आदगोंडा मगदूम बसायचे, बत्तीस वर्षं.
कार्बन पेपरनं करंगळी कायमची निळी.
चलन तीन प्रतींत, अक्षर सरळ,
आणि समासात, तिरकं, मुंगीएवढं:
'दुपारी भरलाय. ऊन फार. माप त्या हिशोबानं धरा.'

मग अंकलेश्वरच्या बड्या कंपनीचं पत्र आलं,
यापुढे कागद नको,
तुमचं यंत्र आमच्या यंत्राशी बोलेल.
ऑर्डर, रवानगीची वर्दी, तपासणीचा दाखला, बिल,
सगळं ठरल्या साच्यात,
शब्दाशब्दामध्ये एकेक चांदणी.

पुण्याचा एक मुलगा आला ते बसवायला.
तीन दिवस रकाने जुळवत होता,
जणू दोन घरची सोयरीक:
यांचं हे, त्यांच्यात त्याला काय म्हणतात.
अण्णा पाठीमागं उभे. तिसऱ्या दिवशी विचारलं,
'ह्यात समास कुठं हाय?'
मुलगा हसला.
अण्णा नाही हसले.

पाठवलं की मिनिटात उत्तर येतं. पोच.
म्हणजे फाइल मिळाली, ओळी मोजल्या, आकडा जुळला.
समजली, असं त्यात कुठंच नसतं.
'पोच दिली खरं,' अण्णा म्हणाले,
'पण पोच हाय का त्याला?'
जन्मभर वापरत आलेला शब्द,
दोन्ही अंगांनी,
कधी शेजारी शेजारी ठेवून बघितला नव्हता मी.

रमजानात झालं ते.
त्यांनी मागितले अठरा हजार. लिटर.
आमच्या साच्यात त्या रकान्याला किलोच ठाऊक.
पोच गेली. पोच आली. दोन्ही पडद्यांवर हिरवं.
पाण्याहून हलका माल,
अठरा हजार किलोचे होतात वीस हजार लिटर,
हे अण्णांना झोपेत विचारलं तरी आलं असतं.
ते मार्चातच रिटायर झाले होते.

दोन हजार लिटरला तिथल्या टाकीत जागा नाही.
गेटबाहेर मिरजेचे शमशुद्दीन मुजावर,
दोन रात्री, टँकरच्या सावलीत, रोज्यानं.
यंत्र म्हणतंय, माल पोचला.

शेवटी फोन केला.
ज्याला मी सात आकड्यांनी ओळखायचे
तो कोड म्हणजे जशोदा वसावा निघाली,
आवाज बसलेला, मागे कुणाचं तरी मूल रडतंय.
तिची हिंदी भरूचची, माझी सांगलीची,
मधे घनता, शून्य पूर्णांक नऊ,
तेवढं एकच दोघींना तंतोतंत कळलं.
तिनं दहा पिंपं उभी केली कुठून कुठून,
उरलेला माल त्यात उतरवला.

साचा दुरुस्त झाला. पुण्याच्या मुलानं बिल पाठवलं,
कागदावर.

पण त्या जाडजूड नियमपुस्तकात मला एक रकाना सापडला,
शेवटून दुसरा. शेरा. ऐच्छिक. ऐंशी अक्षरं.
खाली टीप: ही ओळ यंत्र वाचत नाही.
देवनागरी घातली की तिथे नुसती प्रश्नचिन्हं उमटतात,
म्हणून इंग्रजी लिपीत, हिंदीत टाकलं,
मुजावरचाचा रोज्याने आहेत, सूर्य असताना मोकळे करा.

मिनिटात पोच. नेहमीची, ठोकळ्यासारखी.
रात्री पावणेनऊला
मालउतरणीच्या वर्दीत, शेवटून दुसऱ्या रकान्यात:
पाच चाळीसला सोडले. खजूर बरोबर दिलेत.

प्रिंट काढून अण्णांकडे नेली.
चष्मा कपाळावर चढवून
त्यांनी कागद डोळ्यांजवळ धरला,
कडेच्या कोऱ्या जागेवरून निळी करंगळी फिरवली.
'बरं हाय,' म्हणाले.
मग जरा वेळानं,
'तिरकं न्हाई लिवता येत?'